कच्चे का नको? राजमा, गराडू, कोबी आणि निरसे दूध

मागच्या अंकात आम्ही विचारले होते, कोणता पदार्थ कच्चा खायला तुमचे मन धजत नाही? इंदूरच्या लोकमान्य नगर, टिळक नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग अशा सगळ्या भागांतून पत्रे आली. बहुतेकांचा सूर एकच होता: आजी ‘नको’ म्हणायची, पण का ते सांगायची नाही. हे ‘का’ फार महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक ‘नको’मागचे कारण निराळे असते. काही पदार्थांत मुळातच विष असते आणि ते आचेने मोडते. काहींचे विष कुकरलाही दाद देत नाही. काही पदार्थ बिचारे निर्दोष असतात, त्रास देते ती बाहेरून चिकटलेली घाण. कारण चुकले की उपायही चुकतो. म्हणून उत्तरांत आधी कारण आणि मग कृती दिली आहे.

प्रश्न: लेकीने विजेवर चालणारा स्लो कुकर भेट दिला. रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी त्यात घातला. सहा तासांनी दाणा मऊ झाला, भाजी केली, आणि जेवणानंतर दोन तासांत घरातल्या तिघांना उलट्या सुरू झाल्या. राजमा जुना होता का? (लोकमान्य नगर)

राजमा जुना असेल किंवा नसेल, तुमच्या वर्णनावरून दोष आचेचा दिसतो. राजम्याच्या दाण्यात लेक्टिन जातीचे एक प्रथिन असते, फायटोहिमॅग्लुटिनिन. ते आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि तिथल्या पेशींना इजा करते. म्हणूनच खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मागोमाग जुलाब होतात. चार-पाच कच्चे दाणेही एवढ्याला पुरतात. लाल राजम्यात हे प्रथिन सर्वांत जास्त असते, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश.

खळखळ उकळत्या पाण्यात ते मोडते. पण पाणी ८० अंशांच्या आसपास नुसते गरम राहिले तर ते मोडत नाही, उलट त्याचा जोर कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो. स्लो कुकरमधले पाणी पुष्कळदा याच तापमानाला घुटमळते. दाणा मऊ झाला की आपल्याला वाटते शिजला. मऊ होणे आणि विष मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरी नेमकी इथेच चूक झाली असावी.

पुढच्या वेळी असे करा. एक वाटी राजम्याला चार वाट्या पाणी घालून आठ तास भिजवा, पाच तासांपेक्षा कमी नको. ते पाणी टाकून द्या, आमटीत वापरू नका. दाणे दोनदा धुऊन ताज्या पाण्यात घाला आणि झाकण न लावता मोठ्या आचेवर निदान दहा मिनिटे खळखळ उकळा. घड्याळ पहिला बुडबुडा दिसल्यावर लावू नका, सगळे पाणी उसळू लागले की लावा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते. तेवढ्याने बिघडत नाही, पण ‘उकळी आली की गॅस बारीक’ ही सवय राजम्यापुरती सोडा. मग कुकरला लावून मोठ्या आचेवर एक शिट्टी आणि बारीक गॅसवर वीस मिनिटे. राजमा जुना असेल तर तीस. टोमॅटो, आमचूर, चिंच दाणा शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडले तर साल आवळते आणि आतला भाग कच्चा राहतो. शेवटी चार-पाच दाणे चिमटीत दाबून पाहा. मध्ये पांढरा, रवाळ ठिपका दिसला तर पुन्हा कुकर लावा.

स्लो कुकर माळ्यावर टाकायची गरज नाही. राजमा आधी गॅसवर अर्धा तास उकळून घ्या आणि मग त्यात मसाल्याबरोबर मुरत ठेवा. सौरचुलीवर शिजवणाऱ्यांनीही ढगाळ दिवशी हेच करावे. डब्यातला तयार राजमा शिजवलेलाच असतो.

असा त्रास झालाच तर मुद्दाम उलटी काढू नका, ती आपणच होते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. बहुतेकांना तीन-चार तासांत उतार पडतो. लहान मूल सुस्त पडले, लघवी थांबली किंवा उलटीत रक्त दिसले तर मात्र दवाखाना गाठा.

जाता जाता: वाल आणि पावटेही कच्चे खाऊ नयेत. भिजवून, मोड आणून, सोलून केलेल्या डाळिंब्या कोवळ्या दिसतात, पण त्या शिजवायच्याच असतात.

प्रश्न: हिवाळ्यात सराफ्यातल्या खाऊ-बाजारातला गराडू खाल्ला की काही होत नाही. घरी तळला की घसा खवखवतो. सुरण आणि अळूचीही हीच तऱ्हा. चिंच घालूनही कधी कधी खाजतेच. (रामबाग)

गराडू, सुरण, अळू, अरबी (म्हणजे आपल्या अळकुड्या) या सगळ्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनी असतात. कच्चा कंद चिरला किंवा चावला की जुडग्या फुटतात आणि सुया त्वचेत, जिभेत, घशात रुततात. सुई केसाहून कितीतरी बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही. अळू-सुरणात तिच्याबरोबर काही प्रथिनेही असतात, ती त्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे काम करतात. आचेने ही प्रथिने मोडतात आणि कंद मऊ होतो. सुया पूर्णपणे नाहीशा होत नाहीत, पण त्यांची चावण्याची ताकद जाते.

आता सराफ्यातला गराडू. तिथे तो दोनदा तळला जातो, हे लक्ष देऊन पाहिले नसेल तर या थंडीत पाहा. पहिल्यांदा मध्यम तेलात सावकाश, फिकट रंगावर, आतपर्यंत शिजेल असा तळून परातीत काढून ठेवतात. गिऱ्हाईक आले की त्याच फोडी कडक तेलात सोडून खरपूस करतात आणि वरून मसाला भुरभुरून लिंबू पिळतात. घरी आपण घाईने एकदाच कडक तेलात सोडतो. वरून तांबूस होतो, आत कच्चाच राहतो, आणि घसा धरतो.

घरी करताना हात कोरडे ठेवा आणि तळव्यांना तेल चोळा. ओल्या हातांनी खाज जास्त सुटते. साल जाडसर काढून दोन सेंटिमीटरच्या फोडी करा आणि मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडा. सुरी न अडता आरपार गेली पाहिजे. पाणी टाकून द्या, फोडी फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या करा, कारण ओली फोड तेलात उडते. मग मध्यम आचेवर एकदा आणि खाण्याआधी कडक आचेवर दुसऱ्यांदा तळा.

सुरण घेताना भाजीवाल्याला ‘गजेंद्र’ जातीचा आहे का विचारा, तो फारसा खाजत नाही. गावरान सुरणाच्या फोडी चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून मग उकडाव्यात. चिंच, आमसूल, ताक यांतल्या आंबटाने सुयांचा त्रास कमी होतो, पण आंबट हे शिजवण्याला पर्याय नाही. तुम्हाला चिंच घालूनही खाजते ते यामुळेच. अळूवडीच्या बेसनात चिंच भरपूर असते, पण उंडा फक्त दहा मिनिटे वाफवला तर मधले वेढे कच्चे राहतात. जाड उंड्याला पंचवीस मिनिटे वाफ द्या, गार झाल्यावरच कापा आणि मग तळा. फदफद्याचे देठ सोलून घ्या आणि पाने-देठ कुकरमध्ये पूर्ण गळू द्या.

हात खाजू लागले तर लगेच पाण्याखाली धरू नका. आधी खोबरेल तेल चोळा, मग चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने धुवा. घसा धरला तर गार ताक किंवा दूध घोट घोट प्यावे. ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला अडथळा वाटला तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळू-पालक भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकावे. विरघळणारे ऑक्झलेट बरेचसे त्या पाण्यात उतरते.

प्रश्न: कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणून आमच्याकडे कोबीची कोशिंबीर बंद आहे. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवला तर चालेल ना? (सुदामा नगर)

कोबीवर उगाच आळ आला आहे. पानांत जी हिरवी अळी दिसते ती पतंगाची. ती मेंदूत जात नाही, कुठेच जात नाही. भीती आहे ती डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांची. अर्धे कच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची घाण किंवा नाल्याचे पाणी शेतात गेले की अंडी भाजीला चिकटतात. ती पोटात गेली की त्यांतून निघालेले जंतू रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत पोहोचून गाठी करतात. मेंदूतल्या या गाठी आपल्या देशात फिट येण्याचे एक मोठे कारण आहेत. मांसाला आयुष्यात हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो तो असा.

अंडे मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असते. निवडताना ते दिसणे शक्य नाही. मीठ, हळद, व्हिनेगर, पोटॅशचे गुलाबी पाणी यांनी ते मरेल याची खात्री नाही. कोबीइतकाच धोका गाजर, मुळा, कोथिंबीर आणि कच्च्या पालकाला आहे, किंबहुना मातीला टेकलेल्या भाज्यांना जास्तच. कोबी टाळून गाजर-मुळ्याची कोशिंबीर न धुता खाल्ली तर काही साधले नाही.

खात्रीचे उपाय दोनच: आच, आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे. कोबीची वरची तीन-चार पाने काढून टाका. गड्डा अख्खा धुऊन उपयोग नाही, चार फोडी करून पान न् पान सुटे करा आणि नळाखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळा. कोथिंबिरीची जुडी मोठ्या पातेल्यात बुडवून हलवा, वर उचलून घ्या आणि मग पाणी ओता. कोथिंबीर आत असतानाच पाणी ओतले तर खाली बसलेली माती पुन्हा पाल्यावर बसते. तीन वेळा पाणी बदला. घरात लहान मूल, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल तर कोबी किसून चाळणीत ठेवा आणि वरून खळखळते पाणी ओतून एक मिनिट झाका. करकरीतपणा थोडा कमी होतो, पण दही-फोडणीत तो जाणवत नाही.

प्रश्न: रोज सकाळी दुधीचा कच्चा रस घेतो. परवा कडसर लागला, तरी औषध म्हणून संपवला. चालेल का? (टिळक नगर, ज्येष्ठ नागरिक)

काका, कडू लागलेला दुधीचा रस पुन्हा एक घोटही घेऊ नका. हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो. दुधी, काकडी, दोडका, गिलकी या वेलवर्गात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात एकदम वाढतात. वरून दुधी तसाच हिरवा, तसाच कोवळा दिसतो. पोटात गेल्यावर तासाभरात उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब होतात आणि रक्तदाब कोसळतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा कडू रसाने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये असे स्पष्ट सांगितले. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणे सांभाळतात.

हे द्रव्य शिजवून जात नाही. म्हणून कडू दुधीची भाजीही नको, साखर-लिंबू घालून कडवटपणा लपवणे तर मुळीच नको. दुधी चिरल्यावर देठाकडचा, मधला आणि टोकाचा असे तीन छोटे तुकडे जिभेला लावा आणि थुंकून टाका. एकही कडू लागला तर अख्खा दुधी कचऱ्यात. दोन दुधींचा रस एकत्र काढत असाल तर दोन्ही चाखा. काकडीचे टोक कापून घासून फेस काढतात, त्याने कापलेल्या जागेचा कडूपणा थोडा कमी होतो, उरलेल्या काकडीतला जात नाही.

प्रश्न: घरच्या बाट्या आतून कच्च्या राहतात आणि रात्रभर पोट फुगते. कच्ची कणीक इतकी बाधते का? (राजेंद्र नगर)

बाधते, आणि दोन प्रकारे. कच्च्या पिठातला स्टार्च घट्ट कणांत बांधलेला असतो. ओलावा आणि साठ-पासष्ट अंशांची उष्णता मिळाली की ते कण फुगून फुटतात आणि मग आपले पाचक रस आत शिरतात. कच्चा स्टार्च पुष्कळसा न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात आणि वात धरतो. दुसरे म्हणजे पीठ हा निर्जंतुक पदार्थ नव्हे. शेतातला गहू दळला जातो, मध्ये त्याला कुठे आच लागत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठातून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती. मुलांना केकचे कच्चे मिश्रण चाटू देऊ नये ते यासाठीही, फक्त अंड्यासाठी नव्हे.

माळव्याने यावर फार सुंदर तोड काढली आहे, ती म्हणजे बाफला. आधी उकळतात आणि मग भाजतात, त्यामुळे मधला भाग भाजण्याआधीच शिजलेला असतो. चार वाट्या जाडसर कणकेला पाऊण वाटी तुपाचे मोहन, दोन चमचे दही, चिमूटभर सोडा आणि मीठ घालून घट्ट भिजवा. लिंबाहून थोडे मोठे गोळे करा आणि मध्ये अंगठ्याने दाबा. खळखळत्या पाण्यात सोडा. तरंगून वर आले म्हणजे झाले असे नाही, वर आल्यावरही दहा मिनिटे उकळू द्या. चाळणीवर निथळून अर्धा तास वारा लागू द्या. ओले बाफले भाजले तर वरची साल चामट होते. मग ओव्हनमध्ये १८० अंशांवर उलटपालट करत अर्धा तास, किंवा गोवऱ्यांच्या धगीवर. ज्वाळेवर नको, ज्वाळा वरून करपवते. बाटीच करायची असेल तर गोळा लहान ठेवा आणि एक फोडून पाहिल्याशिवाय तुपात बुडवू नका.

प्रश्न: शेतावरचे सोयाबीन घरात आहे. थोडे कच्चेच दळून गव्हात मिसळले तर? (महू)

कच्चे नको. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक (ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारे द्रव्य) असतो, तो प्रथिने पचू देत नाही, म्हणजे ज्यासाठी सोयाबीन खायचे तेच हाती लागत नाही. पोळी लाटून भाजेपर्यंत त्याला पुरेशी आच मिळत नाही. दाणे निवडून, धुऊन थेट उकळत्या पाण्यात टाका, तिप्पट पाणी घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटे उकळा. थेट उकळत्या पाण्यात टाकले की सोयाबीनचा तो नकोसा हिरवट वासही येत नाही, कारण वास निर्माण करणारे विकर लगेच निकामी होते. थंड पाण्यात चोळून साले काढा, कडकडीत उन्हात वाळवा आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळायला द्या. ओलसर राहिले तर पीठ महिन्याच्या आत खवट होते. अधिक माहिती हवी असेल तर खंडवा रोडवर सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाच आहे.

प्रश्न: पंचामृताला निरसेच दूध लागते असे गुरुजी म्हणतात. सूनबाई पिशवीचे दूध वापरते. नातवाला, तो आठ महिन्यांचा आहे, थेंबभर तीर्थ द्यावे का? (जेल रोड)

सूनबाईंचे बरोबर आहे. पिशवीचे दूध पाश्चराइज्ड असते, म्हणजे साधारण ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच गार केलेले. ते न उकळताही घेता येते, मात्र पिशवी फ्रीजमध्येच राहिलेली हवी. दूधवाल्याकडून आलेले निरसे दूध ही वेगळी गोष्ट. त्यातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो: आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, घाम आणि सांधेदुखी. जनावरांचा क्षयही असाच येतो. अभिषेकाला निरसे दूध वापरायचे असेल तर देवाला वापरा, तीर्थासाठी वेगळ्या वाटीत उकळून गार केलेल्या दुधाचे पंचामृत करा. दूध वर आले की गॅस लगेच बंद करू नका, ढवळत दोन-तीन मिनिटे उकळू द्या. पूजेच्या अगदी शेवटी कालवा. चैत्र-वैशाखात सकाळी सातचे पंचामृत आरतीपर्यंत फसफसते.

नातवाला थेंबभरही नको, आणि इथे कारण दूध नाही, मध आहे. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ आधी मलूल होते, शी होत नाही, दूध ओढत नाही, मान टाकते. घरगुती उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. तेव्हा बाळाला मध चाटवणे, घुटीत मध, चोखणीला मध हे सगळे पहिल्या वाढदिवसापर्यंत बंद. बाळाच्या ओठाला साखर घातलेल्या उकळलेल्या दुधाचे बोट लावा, देव रागावत नाही.

प्रश्न: हातगाडीवरचे हिरवे शिंगाडे दातांनी सोलून खाणे बरे की वाईट? (परदेशीपुरा)

दातांनी सोलू नका. तळ्यातल्या पाण्यात, आतड्यात राहणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्या शिंगाड्याच्या सालीवर चिकटून बसतात आणि दातांनी सोलताना सरळ तोंडात जातात. गरात त्या नसतात. घासून धुवा, सुरीने सोला, सोललेला गर पुन्हा धुवा. मुलांना उकडलेलेच द्या, मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे.

प्रश्न: बटाट्याचा कच्चा रस, मोड आलेले कच्चे मूग, कोकणातून आलेले ओले काजू: यांत कशाला घाबरावे? (तिघांची पत्रे एकत्र)

बटाटा हिरवा पडला असेल किंवा त्याला कोंब आले असतील तर घाबरावे. त्यातले सोलॅनिन उकळून किंवा कुकरमध्ये जात नाही. थोडा हिरवटपणा असेल तर जाड साल आणि डोळे खणून काढा, जास्त असेल किंवा चव कडू असेल तर टाका. अशा बटाट्याचा रस तर सालीसकटच निघतो. बटाटे अंधारात, तागाच्या पोत्यात ठेवा.

मुगात स्वतःचे विष असे नाही, पण मोड आणण्याची ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते. दर आठ तासांनी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. बुळबुळीत किंवा आंबूस वासाचे टाका. गर्भवती, म्हातारी माणसे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पाच मिनिटे वाफवूनच द्या.

ओल्या काजूचा गर खायला बाधत नाही. त्याच्या सालीतला चीक कातडी भाजतो, डाग आठवडाभर जात नाही. विळीवर बसण्याआधी हातांना खोबरेल तेल लावा, डोळे चोळू नका, आणि सोललेले गर कोमट पाण्याने धुऊन घ्या.

प्रश्न: राजमा कच्चा नको, मग चैत्रातली आंबेडाळ कशी चालते? तीही कच्चीच ना? (वल्लभ नगर)

फार चांगला प्रश्न. हरभऱ्याच्या डाळीत लेक्टिनचा जोर राजम्याच्या मानाने अगदी कमी असतो, आणि डाळ साल काढलेली व दुभंगलेली असल्याने भिजताना पोटात वात करणाऱ्या शर्कराही बऱ्याच पाण्यात उतरतात. ट्रिप्सिन रोधक थोडा राहतो, पण हळदीकुंकवाला वाटीभर खाल्ली जाणारी ही डाळ रोजचे जेवण नव्हे. म्हणून ती चालते. एखाद्याचे पोट नाजूक असेल तर वाटलेली डाळ मोदकपात्रात आठ मिनिटे वाफवून घ्यावी, कैरी नंतर कालवावी.

बिघडते ती बहुधा उन्हाने. डाळ चार-पाच तासच भिजवा. इंदूरच्या चैत्रात ती रात्रभर पाण्यात राहिली तर सकाळी पाण्यावर फेस येतो, तशी डाळ वापरू नका. पाणी ओतून डाळ दोनदा धुवा, चाळणीत दहा मिनिटे निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा. एक वाटी डाळीला अर्धी वाटी किसलेली कैरी, दोन हिरव्या मिरच्या, मीठ, चमचाभर साखर. फोडणी पूर्ण गार झाल्यावर घाला, गरम फोडणीने डाळ कोमट होते आणि तासाभरात आंबू लागते. बायका यायच्या वेळेप्रमाणे दोन हप्त्यांत कालवा आणि उरलेली वाटलेली डाळ कैरीशिवाय फ्रीजमध्ये ठेवा.